पुरानंतर गावासाठी सरकारी निधी: पंचनाम्यापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

पाणी ओसरलं की गावात पहिला प्रश्न निघतो, "सरकार किती देणार?" गाडी इथेच चुकीच्या रस्त्याला लागते, कारण सरकारचा खिसा एक नाही. एकाच रात्रीच्या पुरात शेळ्या वाहून जातात, घराची भिंत पडते, ओढ्यावरची मोरी खचते आणि नळयोजनेची विहीर गाळाने भरते. या चारही गोष्टींचे पैसे वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून (सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या कप्प्यांतून), वेगवेगळ्या टेबलांवरून येतात. "गावाचे अतोनात नुकसान झाले असून भरीव मदत मिळावी" असं एकच निवेदन पालकमंत्र्यांच्या हाती देताना फोटो छान येतो, पण ते निवेदन फिरत फिरत 'उचित कार्यवाहीस्तव' तहसीलला येतं आणि तिथेच राहतं. ज्या टेबलावर ते पोचतं, त्या टेबलाला करता येईल असं काहीच त्यात मागितलेलं नसतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागापुरता आहे. सरपंच, सदस्य, पोलीस पाटील आणि प्रत्येक गावात असतो तो 'कागदाचं काम त्याच्याकडे द्या' असा पोरगा किंवा पोरगी, यांच्यासाठी. नगरपालिकांची घडी वेगळी असते.

आधी दोन वाटा वेगळ्या करा

माणूस, घर, जनावर, पीक आणि जमीन यांची मदत महसूल खात्याच्या वाटेने येते: तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी. हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ४८ खाली तो उभा आहे आणि महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५ टक्के असतो.

रस्ता, मोरी, शाळाखोली, स्मशानभूमी, पाण्याची टाकी ही गावाची मालमत्ता. तिची वाट ग्रामपंचायत, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषद अशी जाते आणि पुढे बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीपर्यंत. पहिल्या वाटेवर नियमाने ठरलेला दर मिळतो, तिथे वशिल्यापेक्षा नोंद उपयोगी पडते. दुसऱ्या वाटेवर मंजुरी मिळवावी लागते, तिथे तयारी आणि पाठपुरावा दोन्ही लागतात. दोन्हींचे कागद एकाच फाइलमध्ये कोंबू नका.

नुकसान कशामुळे झालं हेही महत्त्वाचं. केंद्राच्या यादीत पूर, चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी, आग, कीड अशा आपत्ती आहेत. वीज पडणे आणि अवेळी पाऊस यांना महाराष्ट्राने स्वतः राज्य आपत्ती म्हणून धरलं आहे. अतिवृष्टीसाठी महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस हा निकष आहे. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी, आणि ढग मंडळाची हद्द बघून बरसत नाही. तुमच्या शिवारात धो धो कोसळून मापकावर ४० मिलिमीटर दिसू शकतं. अशा वेळी नदी-ओढ्याचं पाणी शेतात किंवा घरात शिरलं असेल, तर पंचनाम्यात कारण 'पुराचे पाणी शिरून' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'पावसामुळे' लिहिलेला पंचनामा निकषावर अडकतो.

पहिले चार दिवस

गाळ काढण्याआधी फोटो. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत चिखलात बसून राहू नका. फोटो काढा आणि घर साफ करा. मोबाइलवर ठिकाण आणि वेळ छापणारी कॅमेरा ॲप आहेत, ती वापरा. घराचा एक फोटो बाहेरून, दारावरचा घर क्रमांक दिसेल असा, एक आतून, आणि एक भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा, शेजारी टेप धरून. घरात पाणी कधी शिरलं आणि कधी निघालं ते एका वहीत घरागणिक लिहा. कपडे आणि भांड्यांची मदत ठरवताना घर किती काळ पाण्यात होतं ते विचारलं जातं, आणि महिन्याने ते कुणालाच नीट आठवत नाही.

मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पशुधन विकास अधिकाऱ्याचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक हे दोन कागद नसले तर म्हैस गेली हे सिद्ध करणं अवघड होतं. माणूस दगावला असेल तर शवविच्छेदन टाळू नका. दुःखात घरचे नको म्हणतात, ते समजण्यासारखं आहे. पण चार लाखांची मदत त्या अहवालावर उभी असते. हे त्या घरी जाऊन सांगणारं जाणतं माणूस गावाने आधीच ठरवून ठेवावं.

शेतीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. तलाठ्याचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून जुनीच नावं चालतात, अर्जावर मात्र नवी लिहा. एकेका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात. तो येईल तेव्हा वाडीवार यादी तयार असली (खातेदार, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, मोबाइल) तर दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकतं. यादी म्हणजे पंचनामा नव्हे, पण त्यामुळे कुणाचं शेत बघायचं राहून जात नाही.

सही करण्याआधी पंचनामा वाचा. नाव आधारवर आहे तसं आहे का, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये बरोबर आहे का, पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त लिहिलंय का. त्याखाली असेल तर एक रुपयाही मिळत नाही. घराच्या बाबतीत 'अंशतः' की 'पूर्णतः' हा एक शब्द तपासा. २०२५-२६ पर्यंतच्या दरांत पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला ६,५०० रुपये होते आणि पूर्ण पडझडीला १,२०,०००. भिंती उभ्या आहेत पण पाया सुटलाय, घर राहण्याजोगं नाही, असं असेल तर शाखा अभियंत्याचा लेखी अभिप्राय मागा आणि तो पंचनाम्याला जोडायला लावा. वाद घालण्यासारखी एकच जागा निवडायची झाली तर ती ही.

दर काय आहेत

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले दर असे होते. मृत व्यक्तीच्या वारसाला ४ लाख. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,०००. किमान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००, झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. दुभती गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५००, मर्यादा दोन हेक्टर. शेतातला गाळ काढायला हेक्टरी १८,००० आणि जमीनच खरडून गेली असेल तर ४७,०००.

हे किमान समजा. राज्य सरकार एखाद्या आपत्तीपुरता वेगळा शासन निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने जे झालं त्यानंतर पिकांची मर्यादा तीन हेक्टरवर नेली गेली आणि खरडलेल्या जमिनीसाठी रोख ४७,००० शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं देऊ केली गेली. म्हणून चावडीवरच्या गप्पांवर जाऊ नका. महसूल व वन विभागाचा त्या आपत्तीचा शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीत लावा.

पीकविमा ही निराळी गोष्ट आहे. विमा कंपनीचे पैसे आणि सरकारी मदत यांचे नियम, कागद आणि तक्रारीची जागा सगळंच वेगळं.

पैसे मंजूर झाले, खात्यात आले नाहीत

तक्रारी सगळ्यात जास्त इथे असतात, आणि बहुतेकांचं मूळ चार-दोन कारणांत सापडतं.

तलाठी लाभार्थ्यांची यादी पोर्टलवर चढवतो, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो. लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी (ओळख पडताळणी) करावी लागते. २०२५ पासून ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक तयार आहे त्यांना यातून सूट मिळू लागली. यादी चावडीवर लागली की वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी जाऊन सांगायला हवं. ते यादी वाचायला येत नाहीत, आणि अंगठ्याच्या रेषा पुसल्यामुळे यंत्र त्यांनाच नाकारतं.

दुसरं कारण सातबारा. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, वारसनोंद नाही. किंवा पाच भावांचं सामाईक खातं आहे आणि त्यातला एक पुण्यात, एक सुरतेला. सामाईक खात्यात इतरांचं संमतीपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा. वारसनोंदीला वेळ लागतो, म्हणून ती पावसाळ्याआधी करायची गोष्ट आहे.

तिसरं, आधार भलत्याच बँक खात्याला जोडलेलं असणं. पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात आणि इकडे तलाठ्याला शिव्या बसत असतात. बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आधी बघा. आणि मदतीची रक्कम बँकेने कर्जात वळती केली तर शाखा व्यवस्थापकाला शासन निर्णय दाखवा. अशी वळती करू नये असं त्यात सहसा लिहिलेलं असतं.

नावच यादीत नसेल तर तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि फेरपंचनामा मागा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही तर प्रांताधिकारी, मग जिल्हाधिकारी. आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकारात विचारलं की ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. माझा अनुभव असा की ते पत्र पोचलं की फाइल हलते, उत्तर मिळायच्या आधीच.

आता गावाची मालमत्ता

एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला काय मोडलं ते लिहा, उजव्या बाजूला ते कुणाच्या मालकीचं आहे ते. सगळं पुढचं या उजव्या बाजूवर ठरतं. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या, पण त्या नमुना २३ च्या रस्ते नोंदवहीत असल्या तरच. शाळाखोली जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकासची, खांब आणि रोहित्र महावितरणचं. ज्या रस्त्याची कुठल्याच नोंदवहीत नोंद नाही त्याच्यावर कुणीच पैसा टाकू शकत नाही, मग त्यावरून रोज शंभर माणसं जात असोत. अशी नोंद राहिली असेल तर पहिलं काम तेच.

ज्याशिवाय गाव चालणारच नाही, म्हणजे तुटलेली जलवाहिनी, वाहून गेलेला मोरीचा भराव, शाळेचं उडालेलं छप्पर, त्याची तातडीची दुरुस्ती आपत्ती निधीतून होऊ शकते. तो पैसा तात्पुरतं सावरण्यापुरता असतो. त्यातून नवा पूल होत नाही. गटविकास अधिकाऱ्यांना नुकसानीची यादी, फोटो आणि ग्रामपंचायतीचं पत्र लवकरात लवकर द्या आणि उपअभियंत्यांना पाहणीला बोलवा. जिल्ह्याचा एकत्रित प्रस्ताव वर जाण्याआधी तुमचं काम त्या यादीत चढलं पाहिजे.

कायमच्या कामाला पैसा कुठून

केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी तुमच्या हातातला आहे. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला मिळत होता. तेव्हा या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू झाला, तेव्हा वाटणीचं ताजं परिपत्रक ग्रामसेवकाकडून बघून घ्या. मोडलेली नळयोजना बंधितमध्ये सरळ बसते. एक अट लक्षात ठेवा: काम गावाच्या 'आमचं गाव आमचा विकास' या विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असलं पाहिजे. पुरामुळे प्राधान्य बदललं असेल तर ग्रामसभा घेऊन आराखड्यात बदल करून घ्या. आणि पंचायतीची मुदत संपून प्रशासक बसला असेल तर हा निधी अडतो.

जिल्हा वार्षिक योजना मोठा स्रोत. तिथे प्रत्येक कामाचा कप्पा ठरलेला आहे. स्मशानभूमी, दफनभूमी, ग्रामपंचायत कार्यालय: जनसुविधा योजना. रस्त्याची दुरुस्ती: लेखाशीर्ष ३०५४. नवा रस्ता किंवा पूल: ५०५४. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीतलं काम दलित वस्ती सुधार योजनेतून, आदिवासी वस्तीतलं ठक्कर बाप्पा योजनेतून. या शेवटच्या दोन योजनांकडे गावं फार कमी बघतात. नदीकाठची वस्ती पाण्यात जाते ती बऱ्याचदा याच लोकांची असते. तिथल्या संरक्षक भिंतीसाठी, गटारासाठी आधी इथे मागून बघा.

मग येतो 'पंचवीस पंधरा'. ग्रामविकास विभागाच्या २५१५ लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं होतात. त्याला आमदारांचं पत्र लागतं. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटींचा आणि खासदारांचाही पाचच कोटींचा. मात्र आमदारांची पाच कोटी एका मतदारसंघात फिरतात, खासदारांची सहा विधानसभा मतदारसंघांत. म्हणून खासदारांकडे गल्लीतला रस्ता मागू नका, सामूहिक आणि टिकाऊ असं एकच काम मागा. दोघांचीही प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. पत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पत्राची प्रत जिल्हा नियोजन कार्यालयात पोचली का, हे तुम्हीच बघायचं.

एकच काम दोन ठिकाणी मागणं चालतं, दोन ठिकाणी मंजूर करून घेणं चालत नाही. प्रस्तावाला 'सदर काम इतर कोणत्याही योजनेतून मंजूर नाही' असा दाखला जोडावा लागतो. एकीकडे मंजुरी आली की दुसरीकडची मागणी लेखी मागे घ्या आणि तिथे यादीतलं पुढचं काम सुचवा. हे करणारं गाव अधिकाऱ्यांच्या लक्षात राहतं, चांगल्या अर्थाने.

ठराव कसा लिहावा

ग्रामसभेला गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. 'गावातील विविध विकासकामांना मंजुरी' असा ठराव कागद वाया घालवतो. एका कामाला एक ठराव, आणि त्यात जागा, लांबी, योजना, लेखाशीर्ष. साधारण असा:

"मौजे … येथील ग्रामीण मार्ग क्र. … वरील ओढ्यावरची मोरी दि. … च्या पुरात वाहून गेल्याने … वस्तीतील … कुटुंबांचा व शाळेचा रस्ता बंद आहे. सदर ठिकाणी स्लॅब ड्रेन बांधण्याचे काम जिल्हा वार्षिक योजना, लेखाशीर्ष … मधून घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे. जागा सार्वजनिक व निर्विवाद आहे. काम पूर्ण झाल्यावर देखभाल ग्रामपंचायत करील."

खाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते'. दोघांनी विरोध केला असेल तर 'बहुमताने' लिहा. खोटं सर्वानुमत पुढे तक्रारीत उघडं पडतं आणि काम थांबतं.

मंजुरीपासून बिलापर्यंत

प्रस्तावात ठराव, नमुना २३ चा उतारा, जागेचा दाखला, दुबार नसल्याचा दाखला, फोटो, पंचनाम्याची प्रत आणि अंदाजपत्रक. अंदाजपत्रक उपविभागाचा अभियंता चालू दरसूचीने करतो. गेल्या वर्षीच्या दराचं जोडलं तर फाइल परत येते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, याच क्रमाने. कार्यारंभ आदेशाआधी खडीची एक ट्रॉलीसुद्धा टाकू देऊ नका. 'साहेब म्हणाले सुरू करा' या भरवशावर झालेल्या कामाचं बिल निघत नाही, आणि ठेकेदार मग सरपंचाच्या दारात बसतो.

तारखांचं भान ठेवा. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेआधी कार्यारंभ आदेश घेऊन काम प्रत्यक्ष जागेवर सुरू झालेलं हवं. नंतर नवं काम सुरू करता येत नाही. जिल्हा नियोजनमधून जिल्हा परिषदेला आलेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत खर्च करता येतो, पण सगळ्या गावांना हे फेब्रुवारीत आठवतं आणि अभियंता तेवढाच असतो. मोजमाप डिसेंबरपर्यंत उरकलं तर बरं.

काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेतली नोंद अभियंत्यासोबत जागेवर उभं राहून करून घ्या. पाया झाकण्याआधीचा फोटो ठेवा, कारण लेखापरीक्षणात पायाबद्दलच विचारतात. कामाच्या ठिकाणी योजना, रक्कम आणि ठेकेदार लिहिलेला फलक लावा.

शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाला असं सांगणारा कागद. बिल मिळालं की गाव इथे हात झटकतं. पण मागच्या कामाचं उपयोगिता प्रमाणपत्र बाकी असेल तर पुढच्या वर्षी त्याच योजनेत तुमच्या गावाचं नाव मागे पडतं. एक वही करा: कामाचं नाव, लेखाशीर्ष, मान्यतेचा क्रमांक व तारीख, रक्कम, प्रमाणपत्र कोणत्या तारखेला, कुणाकडे दिलं. सरपंच बदलला की ती वही सही घेऊन नव्या सरपंचाकडे सोपवा, आणि तिची छायाप्रत ग्रामसेवकाच्या दप्तरात राहू द्या, कारण त्याचीही बदली होणार असते.